भिडेखातर केलेल्या सह्या

काउंटरआतून (धागालेखिका)

सातारा जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेच्या शाखेत माझी सगळी नोकरी गेली. आधी ठेवी, मग कर्ज, शेवटची वर्षं वसुली. आता भाचे-पुतणे विचारतात, "मावशी, पैसे कशात गुंतवू?" त्यातलं मला फारसं कळत नाही. माणसं कशी अडकतात ते मात्र कळतं. आणि जी अडकलेली पाहिली त्यात हावरट थोडी होती, भिडस्त जास्त. कुणाला "नाही" म्हणता आलं नाही, कुणाला विचारायची लाज वाटली.

सगळ्यात जास्त जामीनदार. कर्जदार त्यांना चहा पाजूनच घेऊन यायचा. "नुसती सही हवीय भावजी, बाकी माझं मी बघतो." फॉर्मवर पेन्सिलने फुल्या मारलेल्या असायच्या, फुली दिसेल तिथे सही. वाचायला कुणी थांबायचं नाही, कारण वाचायला घेतलं म्हणजे विश्वास नाही असा अर्थ होतो ना! आमच्यातला एकजण मोठ्याने वाचून दाखवायचा. तरी जामीनदार कर्जदाराकडे बघून कसनुसं हसायचा आणि सही ठोकायचा.

१८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर "आधी त्याच्याकडून वसूल करा, नाही मिळालं तर माझ्याकडे या" असं त्याला म्हणता येत नाही. एका चुलतभावाने पोल्ट्रीसाठी कर्ज काढलं होतं, जामीन जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर. रोग आला, शेड रिकामं झालं. रिकाम्या शेडमधून काय वसूल होणार? मास्तरांचा पगार मात्र दर महिन्याला होतो. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला आणि पगारातून कपात सुरू झाली.

मग मास्तरांच्या बाई बँकेत आल्या. हातात पगाराची स्लिप, बोट कपातीच्या आकड्यावर. "हे कशाचे कापताय?" त्यांना घरात कुणी काही बोललंच नव्हतं. मी कागद काढून सही दाखवली. त्यांनी सही बघितली, मग दाराकडे बघितलं. मास्तर बाहेर पायरीवर बसलेले होते, आत यायला तयार नव्हते. कर्जदाराला जाब विचारायची भीड, बायकोला सांगायची भीड. कर्ज एकाचं आणि तोंड लपवायची पाळी दुसऱ्याची.

तुम्ही स्वतः अनुभवलेलं, शेजारीपाजारी पाहिलेलं असं काही असेल तर लिहा. पुस्तकी सल्ले नकोत, तेवढे व्हॉट्सॲपवर सकाळी येतात.

चहाटळ

आमच्याकडे सही मागणारा माणूस ओसरीवर टेकला रे टेकला की आजी आतून ओरडायची, "अहो, तुमचा चष्मा सापडत नाहीये बरं का!" आजोबा बिनचष्म्याचे कागदावर सही करत नसत, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. चष्मा डाळीच्या डब्यात असायचा. आजोबांना शेवटपर्यंत पत्ता नाही. किंवा असेलही.

उसाचं_पाचट

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो. मी शैक्षणिक कर्ज काढलं तेव्हा चार लाखांपर्यंत बँका जामीन मागत नसत. चार ते साडेसात लाखांमध्ये त्रयस्थ जामीनदार लागायचा. मला सहा लाख हवे होते. वडील कोरडवाहू शेतकरी, सख्ख्या नातेवाइकांनी पाठ फिरवली. सही केली ती आमच्या गणिताच्या सरांनी. त्यांनी कागद वाचला, मला हप्ता किती पडेल ते विचारलं, आणि माझ्यासमोर त्यांच्या बायकोला हाक मारून सांगितलं की मी याला जामीन राहतोय. कर्ज फिटलं, त्याचा दाखला पेढ्यांबरोबर सरांना नेऊन दिला. "जामीन राहू नका" हा धडा सगळ्यांनी पाठ केला असता तर मी आज ऊसतोड मुकादमाच्या मागे असतो.

काउंटरआतून

@उसाचं_पाचट, जामीन राहूच नका असं मी म्हटलेलं नाही. तुमच्या सरांनी जे केलं त्याला मी भीड म्हणणार नाही. त्यांनी हप्ता विचारला, बायकोला समोर बोलावलं. उद्या अंगावर आलं तर फेडायची तयारी ठेवूनच सही केली असणार. मी वसुलीला असताना असा जामीनदार क्वचित भेटला. आणि गंमत म्हणजे, जो जामीनदार इतके प्रश्न विचारतो त्याचा कर्जदारही सहसा बुडवत नाही. त्याला माहीत असतं, हा माणूस उद्या दारात येऊन विचारेल.

ताळेबंद

अशिलांमध्ये जामीनकीपेक्षा हातउसने पैसे जास्त दिसतात, म्हणून त्यावर लिहितो. मित्राला दिलेले पैसे परत मागायला लोक इतके लाजतात की कोर्टात दावा लावायची मुदत निघून जाते. तीन वर्षं. परतीची तारीख ठरलेली नसेल तर पैसे दिल्या दिवसापासून मोजतात. मुदतीच्या आत त्याने सहीनिशी लेखी कबुली दिली की त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं. दुसरं, वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत उसनी देऊघेऊ नका. प्राप्तिकर कायद्यात ते बसत नाही आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. खात्यातून पाठवा, शेरा लिहायच्या जागी 'हातउसने' लिहा. लोक तिथे 'गिफ्ट' किंवा नुसता बदामाचा इमोजी टाकतात आणि मग माझ्याकडे येतात!

अवांतर : पैसे मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडे ते बहुतेक वेळा नसतातच. ज्याच्याकडे आहेत तो गोड बोलून तारीख देतो. हे माझं निरीक्षण, कायदा नव्हे.

मधुमालती

मी बहिणींच्या सह्यांबद्दल लिहिते. या धाग्यावर तो विषय यायलाच हवा.

आजोबा गेले तेव्हा मामाने आई आणि मावशी दोघींना तालुक्याला नेलं. हक्कसोडपत्र. मी तेव्हा कॉलेजात होते, आईबरोबर गेले होते. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या खाली झेरॉक्सवाल्याच्या बाकावर आम्ही बसलो होतो. मामीने दोघींसाठी साड्या आणलेल्या, पिशवीवर दुकानाचं नाव आणि आत पेढ्यांचा पुडा. वर नंबर लागला. फोटो काढायला कॅमेऱ्यासमोर बसायचं, मग यंत्रावर अंगठा. आईने सगळं केलं. ऑपरेटरने विचारलं, "राजीखुशीने सोडताय ना?" आई म्हणाली, "हो, भाऊच आहे."

मावशी उठलीच नाही. "मी सही करणार नाही. मला वाटाही नको आता, पण नाव राहू दे." बस्स, एवढंच बोलली. मामाचा चेहरा मला अजून आठवतो. रागावलेला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं ही काय बोलतेय. येताना जीपमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. मावशीची साडी मामीने परत नेली.

त्यानंतर मावशी हावरट ठरली. हुरड्याला बोलावणं नाही, भाऊबीजेला फोन नाही. आईला मात्र दरवर्षी ज्वारीचं पोतं, लेकीच्या बाळंतपणाला डिंक, सगळं. पुढे त्या जमिनीचा एक तुकडा रस्त्यात गेला. सातबारावर मावशीचं नाव होतं म्हणून नोटीस तिच्याही नावाने आली, मोबदल्यातला हिस्सा तिच्या खात्यावर जमा झाला. तिने त्यातून गुडघ्याचं ऑपरेशन केलं, कुणापुढे हात पसरला नाही. आईचे गुडघेही गेलेत. तिचा खर्च आम्ही भावंडं करतो.

आईला विचारलं, पस्तावा होतो का? म्हणाली, "मला माहेर मिळालं, तिला पैसे मिळाले." मावशीला विचारलं तर म्हणाली, "ज्या माहेराला माझी सही लागत होती ते माहेर माझं कधी होतं?" दोघींच्या डोळ्यांत मला तरी खोट दिसली नाही. मी कुणाच्या बाजूने आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या भावाने कागद आणले तर काय करायचं, ते मात्र ठरलंय.

रांगडा_गडी

ताई, लिहिलंय छान, पण एकतर्फी आहे. बहिणींची लग्नं, आहेर, बाळंतपणं भावाने करायची. म्हाताऱ्या आईबापाचं दुखणंखुपणं भावाने काढायचं. सोसायटीचं कर्ज भावाच्या डोक्यावर. आणि जमिनीला भाव आला की हिस्सा समान. भावाचीही भीडच असते. तो बहिणीला म्हणू शकत नाही की आईच्या औषधाचे निम्मे दे.

मधुमालती

@रांगडा_गडी, मग म्हणावं ना! औषधाचे निम्मे मागा आणि जमिनीचा हिस्सा द्या. दोन्ही उघडपणे करा. माझ्या मावशीने आजीला आठ-आठ महिने आपल्याकडे ठेवून घेतलं होतं, ते कुठल्याच कागदावर आलं नाही. हक्काचं म्हणाल तर महाराष्ट्राने १९९४ मध्येच दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत स्थान दिलं, तेही तेव्हा अविवाहित असलेल्यांनाच. देशभरच्या कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून विवाहित-अविवाहित सगळ्या आल्या. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. बहीण हे मागून घेत नाहीये, ते तिचंच आहे. सोडायचं असेल तर तिने समजून सोडावं, साडीच्या पिशवीकडे बघून नव्हे.

रांगडा_गडी

पिशवीचा मुद्दा मान्य. बाकी माझं मत कायम आहे.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे यातला बराचसा पेच पोर्तुगीज काळापासून कायद्यानेच सोडवून ठेवला आहे. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता सामायिक. स्थावर विकायचं तर जोडीदाराची सही लागतेच. आणि मृत्युपत्राने फक्त निम्म्याची विल्हेवाट लावता येते, उरलेलं निम्मं मुलांचं, त्यात मुलगे-मुली असा फरक नाही. म्हणून भांडणं होत नाहीत असं समजू नका हं! इन्व्हेंटरीचे (म्हणजे वारसांतल्या वाटणीचे) दावे वर्षानुवर्षं चालतात, एकेका घराला इतके वारस की कौलं कुणी शाकारायची यावर एकमत होईपर्यंत छप्पर खाली येतं. पण 'सही कर ना, भाऊ ना मी तुझा' असा प्रसंग कमी येतो, एवढं खरं.

ठाणे_स्लो

नॉमिनीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. आमच्या सोसायटीत एक अविवाहित काका होते. जवळच राहणाऱ्या एका पुतण्याला नॉमिनी केलं होतं, तोच डबा आणायचा, दवाखान्यात न्यायचा. काकांच्या मनात फ्लॅट त्यालाच द्यायचा होता, हे अख्ख्या मजल्याला माहीत. मृत्युपत्र करा असं त्यांना कोण सांगणार? पुतण्याने सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, डोळा आहे याचा. कमिटीला वाटायचं, आपण कोण. काका गेले, पुतण्या कागद घेऊन आला. सोसायटी नॉमिनीला तात्पुरतं सभासद करते, पण मालक कायदेशीर वारस. काकांच्या भावाबहिणींची मिळून बरीच मंडळी निघाली, त्यातल्या काहींना काका कुठल्या मजल्यावर राहायचे तेही माहीत नव्हतं. पुतण्याने शेवटी सगळ्यांच्या वाट्याला रक्कम देऊन, कर्ज काढून, फ्लॅट ठेवला. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो.

काउंटरआतून

@ठाणे_स्लो, अगदी. बँकेतल्या ठेवींचंही तेच. नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते, पण ते पैसे त्याने वारसांसाठी सांभाळायचे असतात. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितलं. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार, मुलं नॉमिनी असतील तर गोष्ट थोडी वेगळी. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चार नॉमिनी लावता येतात, पण चार लावले म्हणून मृत्युपत्राची गरज संपत नाही.

आणि नॉमिनी कोण यापेक्षा मोठी अडचण मी पाहिली ती म्हणजे घरात कुणाला काही माहीतच नसणं. नवरा गेलेल्या बायका कॅरीबॅग घेऊन यायच्या. त्यात रबर लावलेल्या ठेव पावत्या, त्यातल्या निम्म्या मोडून झालेल्या, जुनी पासबुकं, एलआयसीची पाकिटं आणि नवऱ्याचा मोबाइल. तो उघडायचा कसा ते माहीत नाही. एकीने माझ्यासमोर बोटाने नाना नक्षी काढून पाहिल्या. "ते असं वरून खाली काहीतरी करायचे." इतक्या वर्षांच्या संसारात 'आपले पैसे कुठे आहेत' हे विचारलं तर नवऱ्याला काय वाटेल, ही भीड. आणि नवऱ्याची भीड ही, की तिला सांगितलं तर ती घाबरेल.

दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या बुडत नाहीत, वारसाला परत मागता येतात. २०२३ पासून 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, त्यावर नाव टाकून शोधा. पतसंस्थेतल्या ठेवी त्यात सापडणार नाहीत. बँकेतल्या ठेवींना असलेलं पाच लाखांचं विमा संरक्षणही पतसंस्थेला नाही. हे ऐकून चिडणारे बरेच भेटले, कारण पतसंस्थेचा चेअरमन सहसा गाववालाच असतो आणि तिथे ठेव ठेवली तीही भिडेखातर.

चहाटळ

एक लहानशी भर. माणूस गेल्यावर उत्साही मुलगा पहिल्या आठवड्यात बाबांचं सिम बंद करून टाकतो. करू नका. गॅस, वीजबिल, सोसायटी, विमा, सगळ्यांचे मेसेज त्याच नंबरवर येत असतात, कुठे काय होतं ते त्यावरूनच कळतं. (त्यांच्या कार्डाने एटीएममधून पैसे काढणं वेगळं, ते मात्र करू नका, वारसांत भांडण झालं तर गळ्याशी येतं.)

बारमाही_विहीर

शेतजमिनीचं आठवण करून देतो. माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यायचा असतो. आता ई-हक्क वरून घरबसल्याही करता येतो. आमच्या भावकीत "दिवस होऊ देत, वर्षश्राद्ध होऊ देत, लगेच कागदाचं कसं काढायचं" म्हणत दोन पिढ्या गेल्या. आज सातबारावर पणजोबा आहेत, वारस छत्तीस, त्यातले दोन कुठे आहेत कुणाला ठाऊक नाही. पीककर्ज नाही, ठिबकचं अनुदान नाही. शोक पाळायच्या नादात जमीनच अडकली.

एडिसन_न्यूजर्सी

धागा दोनदा वाचला. माझी अडचण अशी की विचारायचं कसं? बाबा पुण्यात, वय ऐंशीच्या पुढे. फोनवर मृत्युपत्राचा विषय काढला तर म्हणाले, "आमच्या मरणाची वाट बघतोस का?" आई मागून रडायला लागली. त्यानंतर हिंमत झालेली नाही. बहीण त्यांच्या शेजारच्या सोसायटीत राहते, सगळं तीच करते. घर तिलाच मिळावं असं मला वाटतं, पण हे बोललो तर तिला वाटेल, हा अंग काढून घेतोय.

पाटीपेन्सिल

@एडिसन_न्यूजर्सी, आमच्याकडे जे चाललं ते सांगते. माझे बाबा शाळेत मराठी शिकवायचे. मी आधी माझं स्वतःचं मृत्युपत्र लिहिलं आणि त्यांच्याकडे दिलं. म्हटलं, "बाबा, जरा शुद्धलेखन बघता का?" त्यांनी लाल पेन काढलं. 'स्थावर' आणि 'जंगम' कुठे वापरायचं यावर मला अर्धा तास सुनावलं, दोन ऱ्हस्व-दीर्घ काढले, आणि माझ्या धाकट्याला बागेतली कुंडी का दिली नाहीस असंही विचारलं. स्वतःबद्दल चकार शब्द नाही. काही दिवसांनी स्वतःच फुलस्केपवर कच्चा मसुदा घेऊन आले, समास सोडून, मुद्द्यांना क्रमांक देऊन. माझ्यापेक्षा कितीतरी नीट होता.

आणि बहिणीशी आधी बोला. तुमच्या मनातलं तिला बाबांच्या कागदातून कळू देऊ नका.

ताळेबंद

भर घालतो. घर आताच बहिणीच्या नावे बक्षीसपत्राने करावं असं कुणी सुचवेल, घाई करू नका. बक्षीसपत्राने मालकी तिथल्या तिथे जाते, मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं. बक्षीस द्यायचंच तर आईवडिलांचा सांभाळ करायची अट त्यातच लिहा. मग २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांतांकडे दाद मागता येते. तुमची बहीण तशी नसेल, मला माहीत नाही. पण मी हे सगळ्यांनाच सांगतो, म्हणून कुणाला टोचत नाही.

एडिसन_न्यूजर्सी

धन्यवाद सगळ्यांना. बहिणीला कालच फोन केला. ती आधी चिडली, मग म्हणाली, बरं झालं तू काढलंस. आता मी माझं मृत्युपत्र मराठीत लिहायला घेतलंय, बाबांना पाठवणार. त्यांचं झालंच तर स्टॅम्पपेपर कितीचा लागेल? शंभरचा आता बंद झाला म्हणे, पाचशेचा घ्यायचा का?

काउंटरआतून

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर चालतं. नोंदणी सक्तीची नाही, केली तर उत्तम. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि दोघांनीही बाबांनी सही केल्यावर त्यांच्यासमोर सही करायची. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. वयामुळे नंतर कुणी शंका काढू नये म्हणून त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा. आणि साक्षीदार तरुण बघा, उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर ते हयात हवेत.

एडिसन_न्यूजर्सी

बाबांनी दोन नावं आधीच ठरवून टाकली आहेत. दोघेही सकाळच्या फिरण्यातले, एक चौऱ्याऐंशीचे, एक शहाऐंशीचे. त्यांना नाही कसं म्हणायचं, असं बाबा विचारतायत.

चहाटळ

चष्मे लपवा.